कुत्र्यांचा रामराम

मराठी भाषेने कुत्र्याच्या शरीराकडून पुष्कळ शब्द उसने घेतले आहेत. भ्यालेला मनुष्य शेपूट घालतो, लाचार मनुष्य शेपूट हलवितो, सावध झालेला कान टवकारतो, आणि ज्याचा राग ओठांपर्यंत आलेला असतो तो गुरगुरतो. ज्या लोकांनी हे शब्द प्रथम योजिले त्यांनी कुत्र्याकडे नीट निरखून पाहिले होते यात संशय नाही. परंतु त्यांनी पाहिले ते बहुतकरून कुत्रा माणसाशी कसा वागतो एवढेच. एक कुत्रा दुसऱ्या कुत्र्यास वाटेत भेटतो तेव्हा त्या दोघांत काय बोलणे होते, याची नोंद आपल्या म्हणींत फारशी नाही; आणि जी थोडीबहुत आहे ती अर्धवट आहे.

पूर्वी या अज्ञानाने कोणाचे विशेष बिघडत नसे. वाड्याच्या दारातला किंवा शेतातील गोठ्याजवळचा कुत्रा मोकळा असे. दुसरा कुत्रा समोर आला म्हणजे त्याचे काय करावयाचे ते तोच पाहून घेई. माणसाने मध्ये पडण्याचे कारण नसे. आता ती स्थिती राहिलेली नाही. औसा हे लातूरपासून सुमारे २० किलोमीटरांवरील तालुक्याचे गाव. खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला, जुन्या वस्तीतील अरुंद गल्ल्या आणि मोठ्या रस्त्याच्या कडेने वाढत गेलेली नवी घरे, असा त्याचा विस्तार. नव्या घरांतून आता हौसेने कुत्रे पाळले जाते व गळ्यात पट्टा घालून सकाळ-संध्याकाळ फिरावयास नेले जाते. गल्लीतील कुत्री मात्र पूर्वीप्रमाणेच मोकळी आहेत. एक साखळीला बांधलेला आणि दुसरा मोकळा, अशा दोघांची गाठ रोज पडते, आणि तिसरा पक्ष म्हणून साखळीच्या दुसऱ्या टोकाशी एक मनुष्य असतो.

पुढे काय घडते ते बहुतेकांच्या परिचयाचे आहे. गृहस्थ साखळी हातात घेऊन निघतात. गल्लीच्या तोंडाशी दोन-तीन गावठी कुत्री पहुडलेली असतात. त्यांतले एक उठून उभे राहते. गृहस्थ बरोबरच्या मुलास म्हणतात, "काही करत नाही ते, शेपूट हलवतंय बघ." हे वाक्य पुरते होते न होते तोच एकच कालवा उठतो, साखळी पायांत गुंतते, मुलगा किंचाळतो, समोरचा कोणी दगड उचलतो. दोष मग गावठी कुत्र्याच्या माथी मारला जातो. वस्तुतः त्या कुत्र्याने आपले म्हणणे आधीच स्पष्टपणे सांगितलेले असते. ते वाचावयास कोणी शिकलेले नव्हते, एवढेच.

औशाच्या बाजारात दोन ओळखीची माणसे भेटली म्हणजे रामराम होतो, सलाम होतो, घरची ख्यालीखुशाली विचारली जाते आणि मग कामाचे बोलणे निघते. एखादा परका मनुष्य तडक अंगाशी येऊन डोळ्यांत डोळे घालून उभा राहिला, तर ते कोणास खपणार नाही. कुत्र्यांतही अशीच रीत आहे, आणि ती पाळण्याच्या बाबतीत कुत्री माणसांहून काटेकोर असतात.

दुरून एकमेकांस पाहिल्याबरोबर शहाणी कुत्री क्षणभर थबकतात. मग निघतात, पण नाकासमोर सरळ चालत येत नाहीत. वाटेला किंचित बाक देऊन, धनुष्याच्या कमानीसारखा फेर घेत ती जवळ येतात. त्यामुळे छातीसमोर छाती न येता एकाची कूस दुसऱ्यास दिसते. नजर रोखलेली नसते, ती मधून मधून बाजूला वळते. एखादा अर्ध्या वाटेत थांबून जमीन हुंगू लागतो. तेथे हुंगण्याजोगे काही असतेच असे नाही. आपण घाईत नाही, कोणावर चाल करून येत नाही, एवढे समोरच्यास कळावे हा पुष्कळदा त्यातील हेतू असतो. जवळ आल्यावर नाकाशी नाक भिडते, त्यानंतर मान, मग कूस, आणि सरतेशेवटी शेपटीखालचा भाग हुंगला जातो. आधी एकाने हुंगावयाचे, दुसऱ्याने उभे राहावयाचे, मग उलट. हा सगळा विधी थोड्याच सेकंदांत आटोपतो. नंतर दोघेही पाण्यातून निघाल्यासारखे अंग झाडतात आणि आपापल्या वाटेस लागतात, किंवा खेळावयास लागतात.

शेपटीखाली हुंगण्याचा प्रकार पाहून पुष्कळ सभ्य गृहस्थांस संकोच वाटतो व ते साखळीस हिसका देतात. दोन माणसे एकमेकांस नावगाव विचारीत असता तिसऱ्याने त्यांच्या तोंडावर हात ठेवावा, तसेच हे आहे. कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही अंगांस दोन लहान ग्रंथिकोश असतात, व त्यांतील स्रावाचा वास प्रत्येक कुत्र्याचा निराळा असतो. समोरचा ओळखीचा की परका, नर की मादी, मादी असल्यास ती माजावर आहे की नाही, अशा कितीतरी गोष्टी कुत्र्यास वासावरून उमगतात. नाकाखेरीज त्याच्या टाळूत, वरच्या पुढील दातांच्या मागे उघडणारे, आणखी एक गंधेंद्रिय असते. त्याचे वर्णन करणाऱ्या जेकबसन या डॅनिश शल्यवैद्याच्या नावाने ते ओळखले जाते. एखादी मूत्राची खूण हुंगल्यावर कुत्रा जीभ टाळूस लावून दात किंचित वाजवितो, तेव्हा तो या इंद्रियाचा उपयोग करीत असतो. विजेचा खांब, भिंतीचा कोपरा, उभ्या मोटारीचे चाक या कुत्र्यांच्या लेखी चावडीवरील सूचनांच्या पाट्या होत. ज्या कुत्र्यास वाटेतील खांब स्वस्थपणे हुंगू दिले जातात, त्यास पुढच्या गल्लीत कोण राहते ते तेथे पोचण्यापूर्वीच बरेचसे समजलेले असते. फिरावयास नेणाऱ्यास ही खोळंबा करण्याची खोड वाटते. परंतु पावले मोजण्यासाठी निघालेल्या माणसाने कुत्र्यास बरोबर घेऊ नये हे बरे.

आता शरीर वाचावयाचे कसे, हा प्रश्न. १८७२ साली चार्ल्स डार्विन याने माणसांच्या व प्राण्यांच्या भावना शरीरावर कशा उमटतात यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने एकाच कुत्र्याची दोन चित्रे शब्दांनी रेखाटली आहेत. परक्यावर रागाने चालून जाणारा कुत्रा अंग ताठ करून, मान वर धरून, शेपूट उभे व स्थिर ठेवून, कान पुढे रोखून आणि मानेवरील केस फुलवून पावले टाकतो. तेवढ्यात तो परका नसून आपला धनीच आहे असे त्यास कळले, की क्षणात सर्व उलटते. अंग खाली येते व नागमोडी वळू लागते, शेपूट खाली येऊन डावी-उजवीकडे हलते, कान मागे पडतात. डार्विनचे म्हणणे असे की, विरुद्ध भावना विरुद्ध आकृतीने प्रकट होते. दीडशे वर्षांत या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु रस्त्यावरील माणसास याहून सोपी किल्ली कोणी दिलेली नाही. प्रथम अंग पाहावे. ते ढिले आहे की ताठ आहे? ढिले अंग कमरेतून वळते, चालताना मागचा भाग झुलतो, तोंड अर्धवट उघडे असून जीभ सैल दिसते. ताठ अंग लाकडी खेळण्यासारखे एकसंध हलते, तोंड मिटलेले असते, भार पुढच्या पायांवर आलेला असतो आणि पावले लहान व मोजून पडतात. शेपूट, कान, केस हे सारे नंतर.

शेपटीस अवास्तव महत्त्व आल्यामुळेच वर वर्णिलेला गोंधळ होतो. हलणारे शेपूट मन चाळवले गेल्याचे चिन्ह आहे. ते आनंदाने चाळवले की रागाने, हे नुसत्या हलण्यावरून कळत नाही. कमरेच्या रेषेत किंवा त्याखाली असलेले आणि सगळा मागचा भाग बरोबर घेऊन मोठ्या फेऱ्याने हलणारे शेपूट मैत्रीचे असते. पाठीच्या वर उभे राहून, फक्त टोकाशी भरभर थरथरणारे शेपूट इशाऱ्याचे असते. "शेपूट हलवतंय बघ" हे वाक्य पुष्कळदा याच शेपटीस उद्देशून उच्चारले जाते. पायांत घातलेले शेपूट भीतीचे, हे सर्वांस ठाऊक आहे. पण पायांत घातलेले शेपूटही हलू शकते, आणि भ्यालेला कुत्रा कोंडीत सापडल्यास चावतो, हे फारसे लक्षात राहत नाही.

इटलीतील बारी येथील विद्यापीठात क्वारांता व सिनिस्काल्की आणि त्रिएस्ते येथील वाल्लोर्तिगारा या संशोधकांनी शेपटीविषयी एक चमत्कारिक गोष्ट शोधून काढली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ३० कुत्री होती. धनी दृष्टीस पडला की त्यांच्या शेपटीचा झोका उजवीकडे अधिक जाई, आणि परका, दांडगा कुत्रा दाखविला की डावीकडे. डावे-उजवे हे कुत्र्याच्या स्वतःच्या अंगाने मोजावयाचे. मेंदूच्या दोन अर्धगोलांकडे भावनांची कामे निरनिराळी वाटलेली असल्यामुळे असे होते, असा त्यांचा उलगडा. २०१३ साली त्यांनी पुढची पायरी गाठली. डावीकडे शेपूट हलविणाऱ्या कुत्र्याचे चलच्चित्र पाहताच पाहणाऱ्या कुत्र्यांच्या छातीचे ठोके वाढले व ती अस्वस्थ झाली. उजवीकडे हलविणाऱ्याचे चित्र पाहून ती शांत राहिली. माणसाच्या डोळ्यांस हा फरक सकाळच्या घाईत दिसण्याची आशा थोडीच. पण ज्याच्यासाठी ते शेपूट हलते आहे त्यास तो दिसतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

शेपटीचे वाचन जातीप्रमाणे बदलावे लागते. लातूर जिल्ह्यात याचे उत्तम उदाहरण घरचेच आहे. चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव कारवान व पश्मी या शिकारी कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. कर्नाटकातील मुधोळचा प्रख्यात कुत्रा याच कुळातला. लांब पाय, आत ओढलेले पोट, निमुळते तोंड आणि बारीक, टोकाशी किंचित वळलेले लांब शेपूट अशी ही जात. हे शेपूट स्वस्थपणी खालीच लोंबते; त्यावरून तो भ्याला असे समजणे चूक. उलट पांढऱ्या झुपकेदार पोमेरेनियनचे शेपूट जन्मतःच पाठीवर वळलेले. समोरच्या कुत्र्यास ते दुरून कायम ताठ मानेचा उद्धट प्राणी वाटत असल्यास नवल नाही. गावठी कुत्र्याचे शेपूट कोयत्यासारखे वर वळते, तेव्हा त्याच्या बाबतीत टोकाकडे न पाहता बुडाकडे पाहावे. बूड सैल आहे की आवळलेले, त्यावरून अर्थ लागतो. शोभेसाठी ज्यांची शेपटे लहानपणीच कापली जातात त्या बिचाऱ्यांची तर अर्धी वाचाच गेलेली असते. कानांचेही तसेच. टोकदार उभे कान पुढे रोखले की मागे पाडले ते लगेच दिसते. पश्मीच्या केसाळ, लोंबत्या कानांत तो फरक कानाच्या मुळाशीच शोधावा लागतो.

मानेपासून कमरेपर्यंतचे केस पिंजारले म्हणजे कुत्रा चावावयास निघाला असे मानतात. माणसाच्या अंगावर काटा येतो तद्वत हे केस कुत्र्याच्या इच्छेवाचून उभे राहतात, आणि राग, भीती, अत्यानंद या तिन्हीत राहतात. एकट्या केसांवरून निवाडा करू नये. डोळ्यांचा पुरावा अधिक भरवशाचा. मान एकीकडे आणि नजर दुसरीकडे असून डोळ्यांच्या कोपऱ्यात पांढरी कोर दिसू लागली, तर कुत्रा अडचणीत सापडला आहे. टक लावून, पापणी न हलविता पाहत असेल, तर तो दुसऱ्यास अडचणीत आणू पाहत आहे.

सर्वांत दुर्लक्षित अशी खूण कोणती असेल तर ती तह करण्याची. झोप आलेली नसता जांभई देणे, समोर खाणे नसता ओठांवरून जीभ फिरविणे, तोंड फिरवून उभे राहणे, पाठ दाखविणे, मध्येच खाली बसणे, एक पुढचा पाय उचलून धरणे, या सर्व क्रियांचा तुरीड रुगास या नॉर्वेतील शिक्षिकेने बारकाईने पाठपुरावा केला व त्यांस शांतवनाच्या खुणा असे नाव दिले. प्रत्येक जांभईत तहाची कलमे शोधावीत असे नव्हे; कुत्रा कंटाळूनही जांभई देतो, आणि या बाबतीत काही उत्साही मंडळी वाजवीपेक्षा पुढे जातात. पण परका कुत्रा जवळ येत असता आपला कुत्रा वारंवार ओठ चाटू लागला, तोंड फिरवू लागला, तर 'मला ही भेट नको' हा त्याचा अर्थ घेण्यास हरकत नाही. अशा वेळी "जा, जा, मैत्री कर" म्हणून त्यास पुढे ढकलणारे धनी थोडे नाहीत. ओळख करून देण्याचा हा उत्साह माणसांतही त्रासदायकच ठरतो.

खेळाचे आमंत्रण त्या मानाने ओळखण्यास सोपे. पुढचे पाय पसरून, कोपरे जमिनीस टेकवून, कमर वर ठेवून कुत्रा लवतो, तोंड उघडे असते, आणि पुढच्याच क्षणी उडी मारून पळत सुटतो. अमेरिकेतील मार्क बेकॉफ या प्राणिशास्त्रज्ञाने या लवण्याचा पुष्कळ वर्षे अभ्यास केला. त्यास असे आढळले की, खेळ सुरू करतानाच नव्हे तर खेळाच्या मध्येही, विशेषतः जोराचा चावा घेण्याच्या थोडे आधी किंवा नंतर, कुत्री अशी लवतात. जणू काय 'हे खेळातले बरे का' असे पुन्हा बजावतात. खऱ्या खेळात पाळ्या असतात. जो वर असतो तो थोड्या वेळाने खाली पडतो, पाठलाग करणारा पुढे स्वतः पळतो. एकच कुत्रा सतत वर आणि दुसरा सतत सुटका पाहणारा, असे दिसू लागले की तो खेळ संपवावा.

येथवर वर्णिलेली रीत दोन मोकळ्या कुत्र्यांची झाली. साखळी आली की तिचा भंग होतो, आणि तो कुत्र्याकडून होत नाही. समोरून कुत्रा येताना दिसला की धनी घाबरून साखळी आखडतो. गळपट्टा आवळला जाऊन कुत्र्याची मान वर ओढली जाते, छाती पुढे येते, भार ताणामुळे पुढे पडतो, प्रसंगी पुढचे पाय जमिनीवरून सुटतात. डार्विनने वर्णिलेल्या रागावलेल्या कुत्र्याशी ही आकृती ताडून पाहावी. ती तंतोतंत तीच आहे. ज्याच्या मनात काहीही नव्हते त्या कुत्र्यास त्याच्या धन्यानेच भांडखोराची पोज दिली. शिवाय रस्ता अरुंद, चालणे सरळ, त्यामुळे फेर घेऊन येण्याची सोय राहिली नाही. आणि गळ्यास बसणाऱ्या फासाचा संबंध कुत्रा समोरच्या कुत्र्याशी जोडतो. चेक देशात ब्रनो येथील संशोधकांनी धन्यांबरोबर फिरणाऱ्या कुत्र्यांच्या भेटी मोठ्या संख्येने नोंदविल्या व २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. साखळीस बांधलेल्या कुत्र्यांत दटावणीचे प्रकार मोकळ्या कुत्र्यांच्या दुपटीहून अधिक, आणि मोकळ्या कुत्र्यांत खेळ दुपटीहून अधिक, असे त्यांना आढळले. बांधून ठेवली जाणारी कुत्री मुळातच तापट असण्याचा संभव आहे, हे खरे. तरीही सारा फरक तेवढ्याने भरून निघेल असे वाटत नाही.

म्हणून साखळी सोडून द्यावी काय? औशासारख्या गावी, जेथे एका बाजूस मोटारींची वर्दळ आणि दुसऱ्या बाजूस अनोळखी कुत्री, तेथे तसे करणे हा अविचार होईल. साखळी ठेवावी, पण चांगली दोन हात लांब ठेवावी आणि ती कमानीसारखी लोंबती असावी. गळपट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा पट्टा असल्यास मान वर ओढली जात नाही. समोर कुत्रा दिसताच, तो अजून दूर असतानाच, माणसाने स्वतः वाटेस बाक द्यावा. रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने चालू लागले तरी काम भागते. दोघांची अंगे सैल दिसत असतील आणि भेट होऊ द्यावयाची असेल, तर मनात तीन आकडे मोजून आपल्या कुत्र्यास आनंदी आवाजाने पुढे बोलवावे. पहिला वास घेऊन होताच निघाल्यास भांडणास वेळच उरत नाही. दोन साखळ्या एकमेकींत गुंतल्या तर आपण त्यांच्याभोवती फिरून त्या सोडवाव्यात, खेचू नयेत. लहान कुत्र्यास झटकन उचलून घेण्याची सवय चांगली नाही. उंच धरलेल्या कुत्र्याकडे खालचा उड्या मारतो, आणि माणसाचे हात मध्ये सापडतात. जीवावरचाच प्रसंग असेल तर गोष्ट वेगळी. जुंपलेल्या कुत्र्यांच्या मध्ये हात घालणे हा तर चावा मागून घेण्याचा प्रकार होय. पाणी फेकावे, डबा वाजवावा, मोठे कापड टाकावे.

गुरगुरण्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण येथे सुशिक्षित घरांतच अधिक चुका होतात. पाहुण्यांच्या किंवा शेजाऱ्यांच्या देखत आपला कुत्रा गुरगुरला तर धन्यास अपमान वाटतो व तो त्यास चापट मारतो. कुत्र्याच्या बोलण्यास पायऱ्या आहेत. आधी तोंड फिरविणे, मग अंग ताठणे, मग ओठ वर जाऊन दात दिसणे, मग गुरगुर, मग हवेतल्या हवेत घेतलेला चावा, आणि सर्वांच्या शेवटी खरा. गुरगुर ही अजून तडजोड होऊ शकते असे सांगणारी पायरी आहे. ती मार देऊन बंद केली म्हणजे मनातील भीती जात नाही. फक्त मधली पायरी काढून टाकली जाते. मग असा कुत्रा एके दिवशी 'काही कारण नसताना, न गुरगुरता' चावतो. भुंकणारे कुत्रे चावत नाही, ही म्हणही याच संदर्भात तपासून घ्यावी. दूर अंतर राखून भुंकणारा कुत्रा अंतर राखण्यासाठीच भुंकत असतो, एवढ्यापुरती ती खरी. अंतर माणसाने मोडल्यावरही ती खरी राहील, अशी हमी कोणत्याही कुत्र्याने दिलेली नाही.

दुसरी म्हण मात्र शंभर टक्के खरी आहे : आपल्या गल्लीत कुत्राही वाघ असतो. गावठी कुत्री गटाने राहतात आणि प्रत्येक गटाची हद्द ठरलेली असते. एखादे वळण, एखादे गटार, एखादे दुकान ही सीमा. सीमेच्या आत जो ताठ उभा राहतो तोच कुत्रा पन्नास पावलांवर पलीकडच्या हद्दीत गेला की अंग चोरून चालतो. पाळलेला कुत्रा या सगळ्यांच्या हद्दींतून रोज जातो, आणि तोही वाटेतील प्रत्येक खांबावर आपली सही करीत! गटाने त्यास हद्दीच्या टोकापर्यंत भुंकत पोचविणे, हा त्यांच्या दृष्टीने रीतसर बंदोबस्त असतो. अशा वेळी पळू नये, ओरडू नये. चालण्याची गती न बदलता, साखळी ढिली ठेवून, नजर न भिडविता सीमा ओलांडावी. रोज ठराविक वेळी ठराविक वाटेने जाणाऱ्या जोडीस काही दिवसांनी गल्ली ओळखू लागते, आणि पहुडलेले कुत्रे उठण्याचेही कष्ट घेत नाही.

माणसाचे शरीर वाचण्यात ही कुत्री विलक्षण तरबेज असतात. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे रस्त्यावरील कुत्र्यांचा अभ्यास करीत आहेत. कोणत्याही शिक्षणावाचून ही कुत्री परक्या माणसाच्या बोटाचा रोख ओळखतात, असे त्यांनी २०२० साली प्रसिद्ध केले. कित्येक कुत्री भीतीने जवळच आली नाहीत. परंतु जी आली त्यांतील सुमारे पाचांपैकी चार बोट दाखविलेल्या भांड्याकडे गेली. याचा रोजचा पुरावा प्रयोगशाळेबाहेरही मिळतो. दगड उचलण्यासाठी मनुष्य नुसता वाकला, की हात रिकामा असला तरी कुत्री पांगतात. हा उपाय तात्पुरता लागू पडतो. पण ज्या गल्लीत तो रोज केला जातो त्या गल्लीची कुत्री साखळीवाला दिसताच आधीच ताठ होऊ लागतात, आणि त्याचे मोल दुसऱ्या दिवशी शाळेस जाणाऱ्या पोरास द्यावे लागते.

एवढे करूनही चावा बसलाच, तर चुना, हळद, तिखट यांपैकी काहीही न लावता जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. कुत्र्याच्या कानास त्रिकोणी खाच असली, तर त्याची नसबंदी झाली असून त्या वेळी रेबीजची लस टोचली गेली होती असे समजतात. परंतु ती लस केव्हाची, हे त्या खाचेवरून कळत नाही. तेव्हा खाच पाहून स्वस्थ बसू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

वर्षातील एक काळ असा येतो की, ही सर्व रीतभात गुंडाळून ठेवली जाते. भाद्रपद लागला की माद्या माजावर येऊ लागतात. एकेका मादीमागे सात-आठ नर हिंडतात, एरवीच्या हद्दी मोडतात, रात्रंदिवस कलह चालतो. या दिवसांत एरवीचा समंजस नरही कोणाचा रामराम घेण्याच्या मनःस्थितीत नसतो, आणि पाळलेली मादी माजावर असेल तर सुमारे तीन आठवडे तिला गल्लीतून नेणे टाळलेलेच चांगले. सुमारे ६३ दिवसांनी, म्हणजे कार्तिकाच्या आगेमागे, पडक्या भिंतीच्या आडोशास किंवा उभ्या गाडीखाली पिल्ले दिसू लागतात. त्यांची आई, जी भाद्रपदापूर्वी शेपूट हलवीत भेटत असे, ती आता दुसऱ्या कुत्र्यास वीस पावलांवरही येऊ देत नाही. ती मान खाली घालते, कान मागे घेते आणि आवाज न करता सरळ रेषेत चालून येते. कुत्र्यांच्या साऱ्या खुणांत ही सर्वांत गंभीर. तिच्याशी ओळख दाखविण्याचा प्रयत्न न करता पिल्ले दोन-अडीच महिन्यांची होईपर्यंत फिरण्याची वाट बदलावी. तोवर पिल्ले स्वतःच रस्त्यावर येऊन, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर पुढचे पाय पसरून लवू लागलेली असतात.